ओझे, मजुरी आणि मन

पाठासाठी शास्त्रभाग : अनुवाद २४:१४-१५, मत्तय २०:१-१६, कलस्सैकरांस ३:२२ ते ४:१. सोबत वाचावे : निर्गम ५, नहेम्या ३:५, स्तोत्रसंहिता ८१:६.

कामाविषयीचा पाठ आपल्या शब्बाथशाळांतून वर्षातून एकदा तरी येतोच. त्यात मुंगीचे उदाहरण असते, आळशी माणसाचे असते, आणि शेवटी मुलांना सांगण्यात येते की जे काम हाती येईल ते आनंदाने करावे, कुरकुर करू नये. पाठ चांगला आहे. त्यात खोटे असे काही नाही. परंतु वर्गात बसलेल्या मुलांपैकी कोणाचे वडील दिवसभर पोती वाहतात, कोणाची आई इस्पितळात फरशी पुसते, कोणाचा थोरला भाऊ चार वर्षे परीक्षा देऊन घरीच बसला आहे. अशा मुलाने घरी जाऊन वडिलांना सांगितले की, बाबा, काम आनंदाने करायचे असते, तर वडील काय म्हणतील? हा प्रश्न शिक्षकाने वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी स्वतःला विचारला पाहिजे. त्याच प्रश्नासाठी हा पाठ आम्ही मांडीत आहोत.

पवित्र शास्त्रात कामाविषयी पुष्कळ लिहिले आहे. त्यातला बराच भाग काम करणाऱ्याला नव्हे, तर काम करवून घेणाऱ्याला उद्देशून आहे, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. शिकविताना आपण पहिला भाग घेतो आणि दुसरा तसाच राहून जातो. असे का होते, ते वाचकांनी आपल्या मनाशी ताडून पाहावे.

उदाहरणासाठी आम्ही हैदराबादेतील अफझलगंज ही वस्ती घेतली आहे. याचे कारण असे की, पायी दहा-पंधरा मिनिटांत जाता येईल एवढ्या टापूत तेथे धान्यकिराण्याचा बाजार आहे, मोठे सरकारी इस्पितळ आहे, बसगाड्यांची सतत ये-जा आहे आणि एक जुने ग्रंथालय आहे. इतक्या निरनिराळ्या प्रकारे पोट भरणारी माणसे एका ठिकाणी क्वचितच सापडतात. शिवाय आमच्या मराठवाड्यातील वाचकांना हा भाग परका नाही. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यात होते. कोर्टकचेरी, शिक्षण, औषधपाणी या सर्वांसाठी आपल्या आजोबा-पणजोबांची वाट हैदराबादेकडेच जात असे, आणि नांदेड-लातूरकडचा रुग्ण अजूनही तिकडे जातो.

गंजातला हमाल

गंज म्हणजे धान्याचा बाजार. पाचवे निजाम अफझलुद्दौला यांनी (कारकीर्द १८५७ ते १८६९) मुसी नदीच्या काठची ही जागा धान्याच्या व्यापाऱ्यांना दिली, म्हणून वस्तीला त्यांचे नाव पडले. नदीच्या पलीकडे जुने शहर, अलीकडे बेगम बाजार, उस्मानगंज, सिद्दीअंबर बाजार. मिरची, हळद, डाळी, सुका मेवा, भांडी, दोरखंड, असा कोणता माल येथे येत नाही ते सांगणेच सोपे. आणि हा सगळा माल ट्रकमधून गोदामात आणि गोदामातून हातगाडीवर माणसाच्या पाठीवरूनच जातो.

हमालाला त्याच्या कामाविषयी विचारले, तर तो कामाविषयी बोलत नाही, दराविषयी बोलतो. पोत्यामागे काय मिळते, आज किती गाड्या लागल्या, टोळीत माणसे किती, मुकादमाने वाटणी कशी केली. नोकरीपेशातल्या माणसाला वाटते, याला पैशापलीकडे काही दिसतच नाही. येथे आपण अनुवादातील आपला शास्त्रभाग उघडावा. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी तेथे आज्ञा आहे. तिचे जे कारण दिले आहे ते फार विचार करण्यासारखे आहे: तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीत गुंतलेला असतो. नियमशास्त्राने येथे मजुराच्या मनात डोकावून पाहिले आहे. त्याचे लक्ष पैशाकडे आहे म्हणून त्याला दोष दिलेला नाही. उलट, त्याचे लक्ष तिकडे आहे म्हणूनच पैसे देणाऱ्याला संध्याकाळची मुदत घातली आहे. मजूर आपला असो की गावात आलेला परका, आज्ञा एकच. परगावाहून पोट भरण्यासाठी आलेला माणूस अफझलगंजातही आहे आणि आपल्या गावातही आहे.

दराचे बोलणे संपल्यावर थोडे थांबले, तर मात्र दुसरेही ऐकू येते. थप्पी कशी लावायची, हे ज्याला जमते त्याला त्याचा अभिमान असतो. पोत्यांची उंच थप्पी एका बाजूला कलू न देता लावणे, फळीवरून पोते घेऊन चढताना पाऊल कोठे टाकायचे, पोते पाठीवर घेताना मान किती वाकवायची, या गोष्टी पुस्तकात नाहीत. नव्या पोराला त्या शिकविताना जुन्या हमालाच्या आवाजात जो जोर येतो, तो कोणत्याही कारागिराच्या आवाजात येतो तसाच असतो. म्हणजे या कामात गोडी नाही असे नाही. ती गोडी कोणाला विचारावीशी वाटत नाही, एवढेच.

आणि गोडीबरोबर गुडघेही असतात, कंबरही असते. पूर्वी धान्याचे पोते शंभर किलोचे असे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली माणसाने वाहण्याच्या ओझ्याविषयी करार केला, आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सांगितली. भारताने त्या करारास मान्यता दिली ती २०१० साली. आता धान्याचे पोते बहुधा ५० किलोचे असते. यामागे हमालांच्या संघटनांची अनेक वर्षांची खटपट आहे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी उभी केलेली हमाल पंचायत, मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी बांधलेली माथाडी कामगारांची संघटना ही नावे वाचकांस ठाऊक आहेतच. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. मालकाने मजुरी मंडळाकडे भरावी आणि मंडळाने ती कामगाराला द्यावी, भविष्यनिर्वाह निधी ठेवावा, अशी सोय त्याने झाली. हा कायदा महाराष्ट्राचा आहे. अफझलगंजच्या हमालाला तो लागू होत नाही.

स्तोत्र ८१ च्या सहाव्या वचनात देव आपल्या लोकांसाठी काय केले ते सांगतो. खांद्यावरचे ओझे उतरविले आणि हातातली टोपली सोडविली, असा तेथे आशय आहे. मिसर देशातून सुटका झाली ही गोष्ट सांगायला स्तोत्रकर्त्याने राजवाडा, सैन्य, समुद्र यांतले काही येथे घेतलेले नाही. खांदा आणि टोपली घेतली आहे. शिक्षकांनी हे वचन हमालाच्या मुलाला वाचावयास द्यावे. त्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमचा कोट बांधणाऱ्यांची यादी आहे. ती वाचायला कंटाळा येतो म्हणून आपण ती ओलांडून जातो. सोनार आहेत, अत्तरे करणारे आहेत, एक गृहस्थ आपल्या मुलींसह राबत आहेत. आणि पाचव्या वचनात तकोवाच्या बड्या लोकांविषयी लिहिले आहे की, त्यांनी त्या कामाला मान वाकविली नाही. तकोवाच्या सामान्य माणसांनी मात्र पुढे आणखी एक भाग बांधून दिला (वचन २७). नावे राहिली ती मान वाकविणाऱ्यांच्या गावाची!

श्वासाकडे पाहणारी

अफझलगंजचे इस्पितळ १८६६ साली सुरू झाले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला, त्यात हजारो माणसे दगावली आणि हे इस्पितळही उद्ध्वस्त झाले. आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड लोक अजून दाखवितात. पुढे सातव्या निजामाच्या कारकिर्दीत व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्याप्रमाणे नवी भव्य इमारत झाली, तेच उस्मानिया इस्पितळ. २०२० च्या जुलैत पावसाचे पाणी वॉर्डात शिरल्यानंतर ती जुनी इमारत रिकामी करण्यात आली, आणि २०२५ च्या जानेवारीत गोशामहल येथे नव्या इस्पितळाची कोनशिला बसली.

जुन्या इस्पितळाच्या काळातील एक बाई आपल्या पाठाला फार उपयोगी आहेत. त्यांचे नाव रूपाबाई फर्दुनजी. पारशी घराण्यातील या बाईंनी १८८५ साली हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत प्रवेश घेतला आणि १८८९ साली त्या उत्तीर्ण झाल्या. शाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी हे शस्त्रक्रियेपूर्वी क्लोरोफॉर्म देण्याच्या पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते होते. क्लोरोफॉर्मने माणूस कधीकधी दगावतो, तो हृदय थांबून की श्वास थांबून, असा त्या काळी विलायतेत वाद होता. त्याची तपासणी करण्यासाठी निजाम सरकारच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत दोन आयोग बसले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. दुसऱ्या आयोगाच्या कामात रूपाबाईंनी भाग घेतला. पुढे त्या एडिंबरोला जाऊन शिकून आल्या आणि १९२० पर्यंत हैदराबादेतच काम करीत राहिल्या. जगातील पहिली महिला भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचे नाव घेतात.

भूल देणाऱ्याचे काम कसे असते ते पाहा. चाकू दुसऱ्याच्या हातात. नाव दुसऱ्याचे. रोगी शुद्धीवर आल्यावर आभार मानतो ते शस्त्रक्रिया करणाऱ्याचे. भूल देणाऱ्याचा चेहराही त्याला आठवत नाही. तासन्‌तास उशाशी उभे राहून एका माणसाच्या श्वासाकडे पाहत राहायचे, हेच काम. लॉरी यांची शिकवणच अशी होती की, नाडीकडे नव्हे, श्वासाकडे पाहा. रूपाबाईंनी हे काम आयुष्यभर केले.

येथे गोष्ट थांबविली असती तर ती सरळ झाली असती. परंतु सत्य सांगायचे तर पुढचेही सांगितले पाहिजे. आयोगाचा निष्कर्ष असा होता की, क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. १९११ साली लंडनचे गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, भूल हलकी असतानाही हृदयाची गती एकाएकी बिघडून मृत्यू येऊ शकतो. म्हणजे इतक्या निष्ठेने केलेले ते संशोधन मोठ्या भागात चुकीचे ठरले. मन लावून केलेले काम बरोबरच असते, असे नाही. आमच्या मंडळ्यांतून कामाच्या भावनेला जे अतोनात महत्त्व दिले जाते, त्यावर हा एक उतारा आहे. आवड हवी, निष्ठा हवी. परंतु दुसऱ्याने येऊन काम तपासावे, चूक दाखवावी, हेही सोसता आले पाहिजे. डॉक्टरला, सुताराला, पाळकाला, आणि मासिकात लेख लिहिणाऱ्यालाही.

इस्पितळाविषयी लिहिताना आपल्या घरच्या मुलींचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. परिचारिकेचे काम हलके, रात्रीबेरात्री परक्या पुरुषांत वावरण्याचे, अशी समजूत महाराष्ट्रात पुष्कळ वर्षे होती. त्या काळात या कामाला ज्या मुली पुढे आल्या त्यांत ख्रिस्ती मुली फार होत्या. मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली उभारलेल्या मिशन इस्पितळासारख्या ठिकाणी त्या शिकल्या आणि मग सगळीकडे पसरल्या. गावाने नाव ठेवले, नातेवाइकांनी तोंड फिरविले, आणि घरी आजारपण आले की तीच मंडळी सिस्टरबाईंना बोलावू लागली. आज त्याच व्यवसायासाठी प्रवेशाला रांगा लागतात. काम तेच आहे. लोकांची त्याकडे पाहण्याची नजर बदलली, आणि त्याबरोबर करणारीच्या मनातली भावनाही बदलली. आपल्या कामाविषयी आपल्याला काय वाटते, यात शेजाऱ्याचा वाटा केवढा असतो, ते यावरून दिसते.

आता त्याच इस्पितळांतून फरशी पुसणाऱ्या बाईकडे, जखमेच्या पट्ट्या उचलणाऱ्या माणसाकडे पाहा. सरकारी इस्पितळांतील हे काम आता बहुतेक ठिकाणी कंत्राटदारामार्फत चालते, आणि त्यांचा पगार दोन दोन महिने थकल्याच्या बातम्या अनेक राज्यांतून येत असतात. अनुवादातील ती संध्याकाळ कोणती, असे त्या बाईने विचारले तर तिला काय उत्तर द्यावे?

शून्याचे तिकीट

निजामाच्या राज्यात सरकारी मोटार वाहतूक १९३२ साली सुरू झाली, तेव्हा २७ बसगाड्या आणि १६६ कामगार होते. आज अफझलगंजच्या थांब्यावर उभे राहिले की बस मोजता मोजता माणूस थकतो. जवळच मुसीच्या पात्रालगत महात्मा गांधी बसस्थानक आहे. आपली नांदेडकडची माणसे तेथेच उतरतात.

या गाड्यांवरील चालक-वाहकांनी ५ ऑक्टोबर २०१९ पासून ५२ दिवस संप केला. कामगार सुमारे ४८ हजार. परिवहन महामंडळ सरकारात विलीन करावे ही मुख्य मागणी. कामावर न येणाऱ्यांनी आपण होऊन नोकरी सोडली असे समजण्यात येईल, अशी भूमिका त्या वेळी सरकारने घेतली. पगार बंद झाले, काहींनी जीव दिला. अखेर मागणी पदरात न पडताच संप मागे घेण्यात आला आणि मग सर्वांस कामावर घेण्यात आले. पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये विलीनीकरणाचे विधेयक तेलंगणाच्या विधानसभेत मंजूर झाले. महाराष्ट्रात २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटी कामगारांचा संप याच मागणीसाठी चालला, तो वाचकांनी जवळून पाहिला आहे.

या दोन्ही संपांच्या काळात एक शब्द कानांवर पुष्कळ आला: आळशी. फुकटचा पगार हवा, काम नको. असे बोलणाऱ्यांनी निर्गमाचा पाचवा अध्याय एकदा वाचावा. विटांसाठी लागणारा पेंढा देणे फारोने बंद केले, विटांची संख्या मात्र तितकीच ठेवली; आणि लोक ओरडू लागले तेव्हा त्यांना आळशी ठरविले. तो शब्द त्या अध्यायात पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी तो फारोच्या बाजूकडून येतो. संप करणाऱ्याची प्रत्येक मागणी बरोबरच असते, असे आमचे म्हणणे नाही. गाडी बंद पडली म्हणून ज्याचे हाल झाले, त्याचे दुःखही खरे आहे. परंतु थकलेल्या माणसाला आळशी म्हणण्यापूर्वी आपण कोणाची भाषा बोलत आहो, हे पाहिलेले बरे.

९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणातील स्त्रियांना साध्या बसगाड्यांतून प्रवास विनामूल्य झाला. वाहकाला त्यांना तिकीट द्यावेच लागते, पण ते शून्य रकमेचे. मोलकरीण, भाजीवाली, इस्पितळातली आया यांचे रोजचे पैसे वाचले, ही मोठीच गोष्ट. गर्दी वाढली, तीही वाहकाच्या अंगावर. एकाचा भार उतरतो तो दुसऱ्याच्या खांद्यावर जात नाही ना, हे योजना करणाऱ्यांनी पाहावयाचे असते.

ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर

१८९१ साली स्थापन झालेले आसफिया ग्रंथालय १९३६ पासून अफझलगंजच्या आपल्या मोठ्या इमारतीत आहे. आता ते राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. तेथे उर्दू, तेलुगू, इंग्रजी, हिंदी यांबरोबर मराठी पुस्तकेही आहेत. आज मात्र तेथे येणाऱ्यांत मोठा भरणा आहे तो स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या तरुणांचा. सकाळी डबा घेऊन यायचे, जागा धरायची, दिवस मावळेपर्यंत बसायचे. पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत हेच दृश्य आहे.

तेलंगणात २०२२ साली ५०३ पदांसाठी पहिल्या वर्गाच्या सेवांची जाहिरात निघाली. ऑक्टोबरात प्राथमिक परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे २०२३ च्या मार्चमध्ये ती रद्द झाली. जूनमध्ये पुन्हा झाली. सप्टेंबरात उच्च न्यायालयाने तीही रद्द ठरविली. मग २०२४ साली ५६३ पदांसाठी नव्याने जाहिरात. या काळात ज्याचे वय पंचविसाचे सत्तावीस झाले, त्याच्या घरी काय बोलले जात असेल? काम करणाऱ्याला कामाचा कंटाळा येतो, हे आपण जाणतो. काम न मिळणाऱ्याला स्वतःचाच कंटाळा येऊ लागतो, आणि तो अधिक वाईट.

आता मत्तय २० वाचावे. संध्याकाळ होत आली तरी काही माणसे बाजारात उभीच आहेत. द्राक्षमळ्याचा धनी त्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते उत्तर देतात की, आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही. या उत्तरावर धनी त्यांना बोल लावीत नाही, हे वर्गात आवर्जून दाखवावे. तो त्यांना मळ्यात पाठवितो आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाची मजुरी देतो, कारण पोटाला दिवसभराचेच लागते. पौलाने थेस्सलनीकाकरांस जे लिहिले (दुसरे पत्र, ३:१०) ते पुष्कळ वडीलधारी माणसे बेकार मुलाला जेवताना ऐकवितात. पौल तेथे काम करण्याची इच्छाच नसलेल्याविषयी बोलत आहे. ज्याला काम मिळत नाही, त्याच्या ताटावर तो हात ठेवीत नाही.

धनी कोण?

शेवटी कलस्सैकरांच्या पत्राकडे येऊ. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी दासांना सांगितले आहे की, जे करता ते जिवेभावे, प्रभूसाठी म्हणून करा. कामाच्या पाठात हेच वचन सुवर्णवचन म्हणून येते. अध्याय संपतो, पाठही संपतो. परंतु पौलाने अध्याय पाडले नव्हते; ही विभागणी तेराव्या शतकातली आहे. पुढचेच वाक्य, म्हणजे चौथ्या अध्यायाचे पहिले वचन, धन्यांना आहे: दासांशी न्यायाने आणि सारखेपणाने वागा, तुमच्यावरही एक धनी आहे. दोन्ही वाक्ये एकाच मंडळीत, एकाच बैठकीत, दास आणि धनी शेजारी बसलेले असताना वाचली गेली असतील. दासाच्या मनाला जो उपदेश आहे, त्याला धन्याच्या हातावरील उपदेश जोडलेला आहे. एक ठेवून दुसरा गाळला, तर जे उरते ते पौलाचे शिक्षण नव्हे.

यावर कोणी म्हणेल की, आमच्या मंडळीत धनी आहेतच कोठे? सारे नोकरदार, नाहीतर कष्टकरी. तसे नाही. ज्यांच्या घरी भांडी घासायला बाई येते ते धनी आहेत. तिचा पगार कोणत्या तारखेला होतो, आजारी पडली तर कापला जातो का, तिला चहा कोणत्या कपातून मिळतो? ज्या मंडळीने मंदिराची झाडलोट करण्यास माणूस ठेवला आहे ती मंडळी धनी आहे. वार्षिक सभेत छपराच्या पत्र्यांवर तासभर चर्चा होते. त्या माणसाच्या पगाराचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत येतो, आणि तो स्वतः तेव्हा बाहेर खुर्च्या लावीत असतो. खेड्यातील पाळकसाहेबांचे वेतन किती महिने थकले आहे, हे खजिनदाराला ठाऊक असते. त्यांनीही आनंदाने काम करावे अशी अपेक्षा असतेच.

शिक्षकांसाठी थोडेसे. लहान मुलांच्या वर्गात हा पाठ दोन रविवारांत घ्यावा. पहिल्या रविवारी मुलांना घरी एवढेच विचारून यावयास सांगावे, की बाबांना किंवा आईला कामातली कोणती गोष्ट चांगली जमते आणि कोणती नकोशी वाटते. उत्तर पैशाविषयी आले तरी ते फळ्यावर लिहावे, गाळू नये. ज्याच्या घरी सध्या कोणालाच काम नाही, त्या मुलाला वर्गात उभे करून विचारू नये. त्याच्याशी बाजूला बोलावे.

मोठ्या मुलांच्या वर्गात मत्तय २० नाटकरूपाने करता येईल. पाठ सुरू होताच धन्याने पहिल्या टोळीला कामाला लावावे, वर्गातील बाके हलविणे, पुस्तके रचणे, असे खरेच काहीतरी. अकराव्या तासाच्या मजुरांना मात्र दाराशी उभे करून ठेवावे. त्यांना बसू देऊ नये, काही करूही देऊ नये. तास संपण्यास पाच मिनिटे असताना त्यांना आत बोलवावे, मजुरी म्हणून सर्वांना सारखाच खाऊ वाटावा, आणि मग पहिल्या टोळीची तक्रार ऐकण्यापूर्वी दाराशी उभ्या राहिलेल्या मुलांना विचारावे की, तेथे उभे असताना त्यांना काय वाटत होते.